दगड काढण्यासाठी दगड

शहाजीराजांच्या जहागिरीत एकेकाळी मोडणाऱ्या कोलार प्रांतात, म्हैसूर संस्थानच्या अमदानीत, 1880 पासून जॉन टेलर आणि कंपनीने सोन्याच्या ज्या खाणी विकसित केल्या, त्यांपैकी चॅम्पियन रीफ ही अखेरीस भूपृष्ठाखाली सुमारे 3.2 किलोमीटरपर्यंत गेली. आणि इतक्या खोल खाणीचा कारभार जवळून न्याहाळला म्हणजे सोने हा तेथला किरकोळ मामला असून खरा व्यवहार दोर, हवा आणि दाब यांच्याशीच चालतो, असे वाटू लागते.

दोराचेच पाहा. पिंजरा ज्याला टांगलेला असतो तो पोलादी दोर 4 सेंटिमीटर जाडीचा धरला, तर दर मीटरला सहा-साडेसहा किलो भरतो. म्हणजे 2 किलोमीटर दोर खाली लोंबू लागला की पिंजऱ्यात एकही माणूस चढण्यापूर्वी वरच्या टोकाला 12-13 टनांचा, दोराचा स्वतःचाच, भार पडलेला असतो. यास्तव एकाच शाफ्टने तळ गाठण्याचा हट्ट सोडून, खालच्या एखाद्या लेव्हलवर खडक कोरून दालन काढायचे, त्यात दुसरे ओढयंत्र बसवायचे आणि तेथून नवा शाफ्ट खाली न्यायचा, अशी तजवीज करावी लागते. ते अवजड यंत्र अर्थातच पहिल्या शाफ्टमधून उतरतील अशा तुकड्यांनी न्यायचे आणि दिव्याच्या उजेडात जुळवायचे.

या यंत्रांची भूक मोठी. कावेरीवर शिवसमुद्रम येथे 1902 मध्ये वीजकेंद्र उभे राहिले ते मुख्यतः या खाणींसाठी. बंगळूरच्या रस्त्यांवरील दिव्यांचा नंबर मागाहून लागला.

तळाचा खडक 60 अंशांहून अधिक तापलेला, आणि त्याला निववण्यासाठी सोडलेली हवा कोरडी असली, तर उतरता उतरता आपल्याच दाबाने दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापणारी; म्हणून ती आधीच यंत्रांनी गार करून पाठवायची.

परंतु सर्वांत हट्टी तो दाब. 3 किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 800 किलोंचा बोजा पेलणारा खडक, शेजारची जागा पोकळ होताच, एखाद्या वेळी तोफेसारखा फुटतो आणि माणसे गाडतो. लाकडी टेकू तेथे चिरडत. म्हणून कोलारच्या जाणत्यांनी ग्रॅनाइटचे घडीव चिरे खाली उतरवून, सोने काढून घेतलेल्या पोकळीत त्यांच्या भिंती रचल्या. दगड वर आणण्यासाठी दगड खाली पाठवण्याचा हा उफराटा व्यवहार हिशेबनिसाला कितीही खटकला, तरी खडकाला मानवला.

वरच्या खडकाचा हा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना मात्र हवाच होता. इतर विश्वकिरण तोच गाळून टाकत असल्याने, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह त्यांनी 1965 मध्ये याच खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंची चाहूल टिपली.

सोने संपले नाही. ते वर काढण्याचा खर्च त्याच्या मोलावर गेला. 28 फेब्रुवारी 2001 रोजी काम थांबले, मग पंपही, आणि ग्रॅनाइटच्या त्या भिंती हळूहळू पाण्याखाली गेल्या.