झेब्रा फिंच : नर कोणता, मादी कोणती?

नेसरीत पक्षी पाळणारी मुले आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. जोडी आणली, अंडी झाली, पण पिल्ले निघत नाहीत. पिंजरा पाहिला की उलगडा होतो. एका मडक्यात नऊ-दहा अंडी, आणि जोडी म्हणून विकलेल्या दोन्ही माद्या! विकणाऱ्याने जोडी म्हटले म्हणून ती जोडी होत नाही. मजुरीच्या पैशातून घ्यायचा पक्षी स्वतः पारखूनच घ्यावा.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. करड्या जातीत ओळख सोपी आहे. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, कुशीला तांबूस पट्टा व त्यावर पांढरे ठिपके, चोच लालभडक. मादीला यातले काही नसते, चोचही नारिंगी. गातो तो नरच. मात्र पिल्लांची चोच काळी असते, ती साधारण दोन महिन्यांनी रंगते, आणि पूर्ण पिसारा यायला तीन महिने लागतात. त्याआधी कुणी छातीठोकपणे नर-मादी सांगू लागला, तर पाकीट खिशातच ठेवावे.

पांढऱ्या फिंचमध्ये गाल, रेघा, पट्टा सगळेच पुसलेले. तिथे चोचीचा रंग आणि गाणे एवढाच पुरावा. डोळ्याखाली काळी रेघ दिसली तर तो शुद्ध पांढरा नव्हे, तांबूस कुशीचा पांढरा. ही वेगळी जात आहे.

आता रंगाचा हिशेब. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते, पक्ष्यांत ते आईकडून ठरते. बदामी रंग आणि तांबूस कुशीचा पांढरा हे लिंगाशी जोडलेले रंग आहेत. बदामी नर आणि शुद्ध करडी मादी लावली, तर सर्व माद्या बदामी व सर्व नर करडे निघतात. म्हणजे पिसे फुटताच, चोच रंगण्याची वाट न पाहता, निवाडा होतो! उलट, शुद्ध करडा नर आणि बदामी मादी लावली तर सगळीच पिल्ले करडी. पण त्यांतल्या नरांत बदामी रंग लपलेला राहतो. मादीत तो लपत नाही. असला तर दिसतोच. पांढऱ्याचे मात्र तसे नाही. तो रंग आई व बाप दोघांकडून यावा लागतो, आणि दोघांतही लपून राहू शकतो.

तुरेवाल्यांची दोघांची जोडी लावू नये. दोन्हीकडून तुऱ्याचा गुण आला की ते पिल्लू अंड्यातच मरते. हिशेबाने चारात एक. एकाला तुरा, दुसरा साधा, असे असावे. भाऊ-बहीणही एकत्र लावू नयेत. त्यासाठी पायात रंगीत कडी घालावी आणि वहीत तारीखवार नोंद ठेवावी. (आम्ही कारकून, वही सुटत नाही.)

सहा महिने झाल्याशिवाय जोडी लावू नये. चार ते सहा अंडी होतात, नर-मादी आळीपाळीने उबवतात, बारा ते चौदा दिवसांत पिल्ले निघतात. राळे, वरी आणि समुद्रफेन कायम समोर असावे.

एक सावधगिरी. माळावरची लाल मुनियाही याच अंगलटीची. पण ती आपल्या देशातली रानपाखरू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणे वा विकणे गुन्हा आहे. मुनियांना हिरवे-पिवळे रंग फासून परदेशी फिंच म्हणून खपवण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. पुढची पिसे झडली की खरा रंग उघडा पडतो, तोवर विकणारा दुसऱ्या बाजारात गेलेला असतो.