चष्म्यातले संग्रहालय

डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवावा आणि घरबसल्या परदेशातील संग्रहालयाच्या दालनांतून फिरून यावे, ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. या फेरफटक्यास ‘आभासी सहल’ म्हणतात. तिने तृप्त झालेला मनुष्य प्रत्यक्ष संग्रहालयाची पायरी चढेल काय, अशी शंका पुष्कळांना येते. शाळेत या शंकेला पैशांचे रूप असते. चष्म्यात सर्व काही दिसते, मग बसभाड्याचा खर्च कशाला, असे विचारणारे पालक आम्हां शिक्षकांना भेटतात. आणि तो प्रश्न उडवून लावण्याजोगा खचितच नाही.

चष्म्याची युक्ती तशी जुनी आहे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की मन त्यांतून खोली निर्माण करते, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये दाखवून दिले. मान वळवावी तसा देखावाही वळतो, ही आजच्या यंत्राची भर. ती लहान नव्हे. छापील चित्रात न कळणारी दालनाची उंची चष्म्यात बरीचशी कळते.

परंतु नक्कल पाहून मुळाची ओढ मरते काय? आम्हां बडोदेकरांना याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरच्या भिंतींवर आल्या. आमच्या आजीने देवघराशेजारची ती सरस्वती जन्मभर पाहिली. तिचे मूळ तैलचित्र येथील लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात आहे. तसबीर घरी आहे म्हणून कोणी तिकडे पाठ फिरविली, असे आम्हांस आढळले नाही. उलट, पाहुणे आले की ‘आपल्या घरातली सरस्वती’ दाखवावयास त्यांना तेथे नेण्यात येते. ओळखीच्या चेहऱ्याला भेटावयास जावे, तसे लोक जातात.

लूव्ह्रमधील मोना लिसाची कथा याहून बोलकी आहे. हे चित्र अवघे 77 सेंटिमीटर उंच नि 53 सेंटिमीटर रुंद. 1911 मध्ये ते चोरीस गेले, तेव्हा त्याच्या छबी वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरल्या; आणि ते जेथे टांगलेले असे ती मोकळी भिंत पाहावयास माणसांची रीघ लागली! ऑक्टोबर 2019 मध्ये लिओनार्दोच्या चित्रप्रदर्शनासमवेत लूव्ह्रने मोना लिसावरील आपली पहिली आभासी सहल मांडली. काचेआडची, गर्दीतून दुरून दिसणारी ती स्त्री चष्म्यात समोर येऊन बसे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही सहल संग्रहालयातही ठेवलेली होती. म्हणजे आलेल्यांना अधिक दाखविणे हाही तिचा हेतू होता. पुढे 2020 ची महामारी आली. 2019 मध्ये लूव्ह्रला सुमारे 96 लक्ष लोक आले होते, ते 2020 मध्ये 27 लक्षांवर उतरले. त्या काळात जगभर संग्रहालयांच्या आभासी फेऱ्यांना ऊत आला. तरी 2023 मध्ये प्रत्यक्ष येणारे पुन्हा सुमारे 89 लक्ष होते. आभासी फेऱ्यांनीच त्यांना ओढून आणले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्यांनी लोकांना घरी बसविले नाही, एवढे दिसते.

आमची काळजी निराळी आहे. तसबिरी मोना लिसाच्या निघतात, शेजारच्या भिंतीवरील चित्राच्या निघत नाहीत. म्हणून गर्दी मोना लिसापुढे होते. चष्म्यातही दहा नामांकित वस्तू घालाव्यात नि बाकीच्या वगळाव्यात, हे ओघानेच येते. आभासी सहल पाहून आलेला विद्यार्थी त्या दहांपुढे थांबेल आणि अकरावीपुढून धावत निघून जाईल. कमाटीबागेतील संग्रहालयात देवमाशाचा सुमारे 70 फुटी सांगाडा आहे. तो पाहण्यास आलेली मुले वाटेत नाण्यांच्या कपाटाशी उगाचच रेंगाळतात, आणि घरी गेल्यावर कित्येकदा त्या नाण्यांविषयीच बोलतात. (इतिहासाच्या शिक्षकांना याचा केवढा आनंद होतो, ते सांगावयास नको.) असे रेंगाळणे चष्म्यात ठरवून घालता येत नाही.

शिवाय चष्मा चढविला की शेजारचा सोबती दिसेनासा होतो. संग्रहालयात मुले वस्तूंइतकेच एकमेकांचे चेहरे पाहत असतात. एकाने ‘अरे, हे बघ’ म्हटले की चौघे वळतात.

दूरच्या खेड्यातील, अंथरुणाला खिळलेल्या वा प्रवासाचा खर्च न झेपणाऱ्या वाचकांस मात्र ही सहल वरदानच आहे, आणि तेथे आमचा कोणताही आक्षेप नाही. शाळांनी ती सहलीच्या आदल्या आठवड्यात दाखवावी. मुलांनी त्यात काय दिसले नाही याची टिपणे करावीत, आणि ती टिपणे खिशात घालून बसमध्ये चढावे. बसभाडे विचारणाऱ्या पालकांना आम्ही सध्या हेच सांगतो. काहींना पटते, काही अजून भाड्याचा हिशेब मांडतात.