गवतांचे अभ्यासक भिडे

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतणाऱ्या मुलांच्या कपड्यांना हमखास चिकटून येते ती कुसळी. तिचे टोकदार बी उपटताना बोटाला टोचते आणि आपण ते वैतागून फेकून देतो. वस्तुतः त्या बियाचे लांब, पिळदार कुसळ हे एक लहानसे यंत्रच होय. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या फिरण्याने बी हळूहळू जमिनीत शिरते. तेच कुसळ गुरांच्या तोंडाला जखमा करते. म्हणून ही कुसळी फुलण्याआधीच कापावी लागते.

ज्वारी, गहू, ऊस, बांबू आणि ही कुसळी यांचे कुल एकच : तृणकुल. जगभरात त्याच्या अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. त्या ओळखणे कठीण, कारण गवताच्या फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्या नसतात. कणिशकाची तुसे, त्यांवरील शिरा आणि केस भिंगाखाली पाहूनच जात ठरवावी लागते. पवन्या कोणता आणि मारवेल कोणता, हे आपला गुराखी दुरून सांगतो. परंतु ते ज्ञान अनोळखी माणसालाही पडताळता येईल असे कागदावर उतरवणे हे निराळे काम आहे.

मुंबई इलाख्यात ते काम ज्यांनी केले, त्यांत आर. के. भिडे हे नाव फारसे घेतले जात नाही. 1912 च्या सुमारास त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गवतांच्या नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील एकीला त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील गॅमी यांचे नाव दिले. ही जात पुढे इतकी वेगळी ठरली की हबर्ड या ब्रिटिश तज्ज्ञाने तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापली.

सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस धर्मगुरू ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ 1935 मध्ये निघाला. ब्लॅटर आदल्याच वर्षी निवर्तले होते. या ग्रंथातील चित्रे भिडे यांची. गवताच्या बाबतीत चित्र म्हणजे शोभा नव्हे; पानभर वर्णनाने न उमगणारी तुसाची ठेवण एका रेषेने कळते. मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे ठळक झाली, चित्रकाराचे मागे राहिले. मात्र तृणतज्ज्ञांना त्याचा विसर पडला नाही. गवतांच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नावच ‘भिडिया’ असे आहे.

तेव्हा आपला बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे मुंबई इलाख्याबाहेर होता. त्यामुळे तो त्या ग्रंथाच्या कक्षेत नव्हता. संपूर्ण महाराष्ट्रातील गवतांचा ग्रंथ पोतदार, साळुंखे आणि यादव यांनी 2012 मध्ये सिद्ध केला. तो शाळेच्या ग्रंथालयात यावा आणि पुढच्या दिवाळीनंतर मोज्यांतून काढलेली कुसळी मुलांनी फेकण्याआधी एकदा भिंगाखाली धरावी, अशी माझी विनंती आहे.