‘जेव्हा’ आणि ‘जर’

दिवाळीच्या सुट्टीत संकेश्वरहून भाचा आला की कोगनोळीच्या आमच्या घरात दोन भाषा नांदू लागतात. माझा मुलगा मराठीत विचारतो, भाचा कानडीत उत्तर देतो आणि दोघांचे काही अडत नाही. गेल्या दिवाळीत मात्र अडले. निमित्त होते यु-गि-ओ नावाच्या पत्त्यांचे.

काझुकी ताकाहाशी या जपानी चित्रकाराची चित्रकथा १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्यावरून कोनामी कंपनीने १९९९ मध्ये जपानात हा खेळ आणला. आपल्या बावन्न पत्त्यांसारखा सर्वांचा एकच जोड यात नसतो. प्रत्येकजण स्वतः निवडलेले किमान ४० पत्ते घेऊन बसतो आणि प्रत्येक पत्त्याचा नियम त्याच्यावरच इंग्रजीत छापलेला असतो.

भाच्याने ‘पेटन’ नावाच्या विदूषकाचा बळी देऊन त्याच्या जागी एक मोठा राक्षस उतरवला. बळी गेलेला पत्ता ‘स्मशानात’, म्हणजे बाद पत्त्यांच्या गठ्ठ्यात जातो. पेटनवर लिहिले होते की, तो स्मशानात जातो तेव्हा तुम्ही त्याला खेळातून दूर करून दुसरा पेटन मैदानात आणू शकता. भाचा दुसरा पेटन शोधू लागला, तर मुलगा म्हणाला, “नाही चालणार. वेळ गेली.” प्रकरण माझ्यापुढे आले. मी पत्ता वाचला आणि निकाल दिला, “पेटन स्मशानात गेला की नाही? गेला. मग येऊ दे दुसरा.” मुलगा जेवायला आला नाही.

रात्री मी त्या खेळाचे नियम शोधून वाचले आणि खजील झालो. मुलाचे बरोबर होते. या खेळात ‘जेव्हा… तुम्ही करू शकता’ असे लिहिले असेल, तर ती घटना सर्वांत शेवटी घडलेली असावी लागते. बळी देताना आधी पेटन जातो आणि मग राक्षस येतो. शेवटची घटना राक्षसाचे येणे ठरते, म्हणून पेटनची संधी हुकते. तोच पेटन लढाईत मारला गेला, तर त्याच्या जाण्यानंतर दुसरे काही घडलेले नसते, आणि संधी मिळते.

पत्त्यावर ‘जेव्हा’ऐवजी ‘जर’ असेल, तर मध्ये काही घडले तरी हक्क बुडत नाही. आणि जिथे ‘करू शकता’ नसून ‘करा’ अशी आज्ञाच असते, तिथे वेळ हुकण्याचा प्रश्नच येत नाही. ‘संगन’ नावाच्या पत्त्याचे असे आहे. तो मैदानातून स्मशानात गेला, की १५०० किंवा त्याहून कमी मारक शक्तीचा एक राक्षस आपल्या गठ्ठ्यातून हातात घ्यायचाच. संगनचा बळी दिला तरी ते चुकत नाही.

आपल्या घरांत हा फरक समजावणे सोपे आहे. कानडीत ‘बंदाग’ म्हणजे आला तेव्हा, ‘बंदरे’ म्हणजे आला तर. एकात क्षण आहे, दुसऱ्यात अट. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही सैल वापरतो. पाहुणे आल्यावर चहा पाच मिनिटे उशिरा टाकला म्हणून कोणी रागावत नाही. या खेळाने मात्र त्या एका शब्दावर कायदा उभा केला आहे.

सगळेच खेळ इतके कडक नसतात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ मध्ये आणलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये ‘जेव्हा’ लिहिलेली गोष्ट मध्येच घडली, तरी तिचा परिणाम रांगेत थांबून पुढच्या संधीला हजर होतो. दोन्ही खेळांत एक नियम सारखा आहे: एकमेकांना उत्तर म्हणून टाकलेले डाव उलट्या क्रमाने सुटतात. बुट्टीत शेवटी टाकलेली भाकरी आधी हाताला लागते, तसेच.

हे सारे सकाळी आईला सांगितले, तर ती म्हणाली, “यात नवं काय? आमच्या मेंढीकोटात बंद हुकूम असाच. आलेल्या रंगाचं पान हातात नसेल, तेव्हाच हुकूम उघडायला सांगायचा. पान टाकून बसलास, की त्या हातापुरतं संपलं.” एम.ए. होऊन जे मला दिसले नाही, ते तिला बसल्या जागी दिसले.

मुलांच्या अशा भांडणात आपण वडीलकीने झटकन निकाल देतो. त्याआधी ती ओळ मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि मग तिचा अर्थ घरातल्या दोन्ही भाषांत विचारावा. अर्धा वाद तिथेच मिटतो, आणि राहिलेल्या अर्ध्यात मोठ्यांनाही काही शिकायला मिळते.

चहाच्या वेळी मी दोघांसमोर बसलो. मुलाला म्हणालो, “तू बरोबर होतास.” भाच्याला म्हणालो, “तप्पु नंदु.” भाचा हसला आणि मराठीत म्हणाला, “मामा, मला कालच कळलं होतं. पण तुम्ही माझ्या बाजूने होता ना!” मुलगा काही बोलला नाही. त्याने पत्ते पिसले आणि त्याच्यापुढे वाटून ठेवले. दुपारी भाच्याची बस निघेपर्यंत त्यांचे तीन डाव झाले. शेवटच्या डावात भाच्याने संगनचा बळी दिला आणि गठ्ठ्यातून पत्ता घेण्याआधी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “त्याला विचार.” मुलाने मान हलवली, “घे. हा चालतो.”