विल्यम पेनची टोपी

लेखमाला : अमेरिकेतली गावं आणि त्यांच्या खुणा
लेखांक ६

फिलाडेल्फियात इमारत किती उंच बांधायची, हे जवळजवळ ९० वर्षं एका टोपीवरून ठरत असे. टोपी ब्राँझची आहे. ती घालून उभा आहे विल्यम पेन, १६८२ मध्ये हे शहर वसवणारा क्वेकर पंथाचा इंग्रज. शहराच्या ऐन मध्यावर सिटी हॉल आहे आणि त्याच्या मनोऱ्यावर पेनचा ३७ फुटी, २७ टनांचा पुतळा आहे. जमिनीपासून टोपीपर्यंत ५४८ फूट. याच्या वर कोणी जायचं नाही, असा शहराचा शिरस्ता होता.

कायदा मात्र कधीच झाला नव्हता. बांधकामाच्या नियमांत टोपीचा उल्लेख नव्हता. १९४९ ते १९७० या काळात एडमंड बेकन हे नगररचना आयोगाचे कार्यकारी प्रमुख होते. उंच इमारतीचा बेत घेऊन कोणी आलं की ते या रिवाजाची आठवण करून देत आणि आलेला माणूस मुकाट्याने मजले कमी करी. एवढ्या मोठ्या व्यापारी शहराने निव्वळ शब्दावर इतकी वर्षं स्वतःला आवरून धरलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मागच्या आठवड्यात आपण बॉस्टनमधला सिटगो कंपनीचा दिव्यांचा फलक पाहिला. १९८३ मध्ये तो उतरवायला घेतला तेव्हा गावकरी आडवे आले होते. पेट्रोलच्या जाहिरातीसाठी एवढा जीव का टाकावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर अमेरिकेच्या रस्त्यांवर सापडतं. महामार्गावरून कुठल्याही गावाला उतरा, पेट्रोल पंपांची तीच नावं, बर्गरची तीच दुकानं, तशाच मोटेलच्या रांगा. रस्त्यांनाही आकडे किंवा झाडांची नावं, आणि सगळे काटकोनात. ही रस्ते आखण्याची तऱ्हा देशभर रुजवण्यात पेनच्याच नगररचनेचा मोठा वाटा आहे. इतक्या एकसारखेपणात राहणाऱ्या माणसाला ‘हे माझं गाव’ म्हणून बोट दाखवायला काहीतरी लागतं. ते सुंदरच असावं असा त्याचा हट्ट नसतो, पण ते दुसरीकडे कुठे नसावं, एवढं त्याला हवं असतं.

पुन्हा सिटी हॉलकडे वळू. त्याचं बांधकाम १८७१ मध्ये सुरू झालं आणि १९०१ पर्यंत चाललं. मनोऱ्याच्या मुख्य भागाला पोलादी सांगाडा नाही. सगळा भार दगड-विटांच्या भिंतींवर असल्यामुळे पायथ्याशी त्या २२ फूट जाड आहेत. पेनसह इमारतीवरची अडीचशेहून अधिक शिल्पं अलेक्झांडर मिल्न काल्डर यांनी घडवली. पुतळा १८९४ मध्ये तुकड्यातुकड्यांनी वर चढवला. त्याच्या आठ वर्षं आधी, हे काम चालू असतानाच, आनंदीबाई जोशी या शहरात वैद्यकी शिकत होत्या. वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनियाने त्यांना ११ मार्च १८८६ रोजी पदवी दिली, आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक याच शहरातून निघालं. त्याची प्रस्तावना कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची होती. फिलाडेल्फियाच्या अभिमानाच्या गोष्टींची यादी माझ्याकडे दिली, तर मी ही तारीख सगळ्यात वर लिहीन.

टोपीचा करार मोडला तो विलर्ड राउज या विकासकाने. १९८४ मध्ये त्यांनी ९४५ फूट उंचीच्या वन लिबर्टी प्लेसचा बेत मांडला आणि शहरात खडाजंगी उडाली. बेकन तोवर निवृत्त झाले होते, पण ते विरोधाला उभे राहिले. अखेर परवानगी मिळाली आणि १९८७ मध्ये इमारत उघडली. पेन पहिल्यांदाच कोणाच्या तरी सावलीत आला.

त्यानंतरची गोष्ट फिलाडेल्फियात शाळकरी पोरही सांगेल. शहराचे मोठे संघ चार : बेसबॉलचा फिलीज, अमेरिकन फुटबॉलचा ईगल्स, बास्केटबॉलचा सेव्हन्टीसिक्सर्स आणि आइस हॉकीचा फ्लायर्स. १९८३ मध्ये सेव्हन्टीसिक्सर्सनी विजेतेपद आणलं होतं. मग सगळं थांबलं. १९८७ मध्ये फ्लायर्स अंतिम फेरीत हरले, १९९३ मध्ये फिलीज, १९९७ मध्ये पुन्हा फ्लायर्स, २००१ मध्ये सेव्हन्टीसिक्सर्स, २००५ मध्ये ईगल्स. दर वेळी घास तोंडाशी यायचा आणि निसटायचा. लोकांनी कारण शोधून काढलं : पेनचा मान राखला नाही, हा त्याचाच शाप!

जून २००७ मध्ये वन लिबर्टी प्लेसपेक्षाही उंच अशा कॉमकास्ट सेंटरची शेवटची तुळई वर चढवायची वेळ आली. लोखंडकाम करणाऱ्या कामगारांनी त्या तुळईला पेनची चिमुकली मूर्ती लावून टाकली. शहरातल्या सर्वात उंच जागी पुन्हा पेनच! पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, फिलीजने वर्ल्ड सिरीज जिंकली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कॉमकास्ट कंपनीचीच ११२१ फुटांची दुसरी इमारत पूर्ण होत आली, तेव्हा तिच्याही माथ्यावर पेन पोचला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सने इतिहासात पहिल्यांदा सुपर बोल जिंकला. शाप खरा की खोटा, यात मला रस नाही. दिवसभर उंचावर पोलाद जोडणाऱ्या माणसांना शहराच्या मूळपुरुषाचा मान राखावासा वाटला, ही गोष्ट मला लोभस वाटते.

त्या जानेवारीत या प्रेमाची आणखी एक तऱ्हा जगाला दिसली. ईगल्स जिंकले की लोक रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर चढतात. ते चढू नयेत म्हणून पोलिसांनी सामन्याआधी खांबांना क्रिस्को नावाचं वनस्पती तूप चोपडून ठेवलं. लोक तरीही चढले.

या शहरात खाण्याची परीक्षाही द्यावी लागते. लांबट पावात बारीक कापलेलं गोमांस आणि चीज घालून केलेलं चीजस्टेक हे इथलं दैवत. १९३० पासूनचं पॅट्स आणि १९६६ चं जीनोज, ही दोन दुकानं दक्षिण फिलाडेल्फियातल्या एकाच चौकात समोरासमोर आहेत, आणि मागणी नोंदवायची पद्धत ठरलेली आहे. आधी चीज कुठलं ते सांगायचं, मग कांदा हवा की नको ते, आणि तेही दोन शब्दांत. २००३ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फिरणारे जॉन केरी पॅट्समध्ये आले आणि त्यांनी स्विस चीज मागितलं, जे इथे चालत नाही. त्याची बातमी झाली आणि पुढे कित्येक वर्षं ती सांगितली गेली. कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्यांवरून धावत जाणाऱ्या, सिनेमातल्या ‘रॉकी’ या मुष्टियोद्ध्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. तिसऱ्या चित्रपटासाठी घडवलेला त्याचा ब्राँझचा पुतळा कलाकृती म्हणावा की सिनेमाचं सामान, यावर बरीच वर्षं वाद झाला. २००६ मध्ये तो पायऱ्यांच्या पायथ्याशी बसवला आणि तेव्हापासून त्याच्याशेजारी फोटो काढणाऱ्यांची रांग लागते.

फिलाडेल्फियाहून पश्चिमेला शिकागोला आलं की खूण अगदी वेगळी, पण माया तीच. मिलेनियम पार्कमधलं ‘क्लाउड गेट’ हे शिल्प १९५४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून, सांधे दिसेनासे होईपर्यंत घासून, ते २००६ मध्ये पूर्ण झालं. पाऱ्याच्या थेंबावरून कपूर यांना ते सुचलं. शिकागोकरांनी मात्र ते पूर्ण होण्याआधीच त्याला ‘द बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा, म्हणायला सुरुवात केली. कपूर यांना हे नाव सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. आज ‘क्लाउड गेट’ कुठे आहे असं विचारलंत तर माणूस घुटमळेल, ‘बीन’ म्हटलंत की हात धरून नेईल. त्याच्या फुगीर पृष्ठभागावर शहराच्या इमारतींची रांग वाकून दिसते, आणि प्रत्येक जण जवळ जाऊन त्यात आधी स्वतःला शोधतो. बोटांच्या ठशांनी तो इतका माखतो की खालचा भाग रोज पुसावा लागतो. ज्या शिल्पाला हात लावायला कोणी अडवत नाही, ते शहराचं व्हायला वेळ लागत नाही.

शिकागोचा दुसरा अभिमान हॉट डॉग, आणि त्याचा पहिला नियम असा की त्यावर केचप घालायचं नाही. पिवळी मोहरी चालेल, कांदा, टोमॅटोच्या फोडी, काकडीचं लोणचं, हिरव्या मिरच्या, सेलरीचं मीठ, सगळं चालेल. मोठ्या माणसाने केचप मागितलं तर विक्रेते आजही भुवया उंचावतात.

आणि शिकागो ज्या राज्यात आहे त्याच इलिनॉयच्या दक्षिणेला कॉलिन्सव्हिल नावाचं गाव एका केचपच्या बाटलीवर जीव टाकतं. बाटली १७० फूट उंच आहे. ही खरं तर पाण्याची टाकी. ब्रुक्स नावाचं केचप बनवणाऱ्या कारखान्याने १९४९ मध्ये ती बांधली. टाकी हवीच होती, तर तिला आपल्या मालाचाच आकार देऊ, असा मालकांचा विचार. पुढे केचपचं उत्पादन गावाबाहेर गेलं, रंग उडाला, गंज चढला. १९९३ मध्ये मालक ती गावाला द्यायला तयार होते, पण रंगकाम आणि दुरुस्तीचा खर्च पाहून नगरपालिकेने नकार दिला. तेव्हा गावातल्या हौशी लोकांनी मंडळ काढलं, टी-शर्ट विकले, वर्गण्या गोळा केल्या आणि १९९५ मध्ये बाटली पुन्हा लालबुंद केली. २००२ मध्ये तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. सिटी हॉल आणि ही टाकी यांत वास्तुकलेच्या दृष्टीने तुलनाच होऊ शकत नाही. पण स्वतःच्या खिशातून पैसे घालून वाचवलेल्या वस्तूवर माणसाचा हक्क जास्त पक्का असतो, आणि त्या हिशेबाने मी कॉलिन्सव्हिलला फिलाडेल्फियाच्या पंक्तीला बसवतो.

अशा अजस्र वस्तू लहान गावांत इतक्या का, हेही समजून घेऊ. १९२६ मध्ये देशभरच्या महामार्गांना क्रमांक मिळाले आणि मोटारींची वर्दळ वाढली. रस्ते गावाच्या मधून जात. जाणारा-येणारा थांबला तर खाणावळीत चार पैसे पडणार, म्हणून दुरून दिसेल असं काहीतरी उभं करायचं. मिनेसोटातल्या बेमिजी गावाने १९३७ च्या हिवाळी उत्सवासाठी दंतकथेतला लाकूडतोड्या पॉल बनियन आणि त्याचा निळा बैल तळ्याकाठी उभा केला, तो याच हेतूने. १९५६ नंतर नवे द्रुतगती मार्ग आले, ते गावांना वळसा घालून गेले आणि अनेक गावं ओस पडू लागली. तेव्हापासून अशी खूण हा गावाच्या पोटापाण्याचाही प्रश्न झाला.

कॅन्ससमधलं कॉकर सिटी हे पाचशेच्या आतल्या वस्तीचं गाव २४ क्रमांकाच्या महामार्गावर आहे. १९५३ मध्ये फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने गवताचे गठ्ठे बांधून उरलेल्या घायपाताच्या सुतळीचे तुकडे गुंडाळायला सुरुवात केली. गोळा मोठा होत गेला आणि १९६१ मध्ये त्याने तो गावाला देऊन टाकला. १९७४ मध्ये तो वारला तेव्हा गोळ्याचा व्यास ११ फूट झाला होता आणि त्यात सुमारे १६ लाख फूट सुतळी होती. गावाने काम थांबवलं नाही. मुख्य रस्त्यालगत नुसतं छप्पर टाकून गोळा त्याखाली ठेवला, आणि दर ऑगस्टमध्ये सगळे जमून सुतळी गुंडाळू लागले.

इकडे मिनेसोटातल्या डार्विन गावात फ्रान्सिस जॉन्सन यांनी १९५० पासून २९ वर्षं एकट्याने १७,४०० पौंडांचा गोळा केला. तो सगळीकडून सारखा गुंडाळता यावा म्हणून ते जॅक लावून तो उचलत. जॉन्सन १९८९ मध्ये गेले. त्यांचा गोळा आता पारदर्शक भिंतींच्या आत आहे आणि त्यावर कोणी एक इंचही सुतळी वाढवत नाही, कारण तो एका माणसाच्या हातचा राहिला पाहिजे. जगातला सर्वात मोठा गोळा कोणाचा, यावर दोन्ही गावांचा दावा आहे आणि दोन्ही खरे आहेत : डार्विनचा एकट्याने केलेल्यांत, कॉकर सिटीचा गावाने केलेल्यांत.

माझं मत कॉकर सिटीला. तिथे गोळा सांभाळणाऱ्यांना कळवलं की कोणीतरी सुतळी घेऊन येतं, टोक तुमच्या हातात देतं, आणि तुम्ही गोळ्याभोवती फिरत ती गुंडाळायची. तुम्ही कॅन्ससचे असा की कोल्हापूरचे, कोणी विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात पर्वत ओलांडून सिएटलला जाऊ. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथे उभारलेली स्पेस नीडल प्रदर्शन संपल्यावरही का राहिली, ते पाहू.