शिशाची गोळी आणि सिलिंडरचा घसा

‘पॉइंट थर्टी-एट’ रिव्हॉल्व्हरची गोळी ०.३८ इंच व्यासाची असते, हा या विषयातला सगळ्यांत जुना आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी गैरसमज. आज ‘.३८ स्पेशल’ म्हणून मिळणारी गोळी असते ०.३५७ किंवा ०.३५८ इंचाची. कोल्टच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरमध्ये सुरुवातीला सुटी दारू आणि सुटी गोळी ठासायचे. पुढे त्यात धातूची काडतुसं बसवायची सोय झाली, तेव्हा गोळी काडतुसाच्या पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाइतकीच जाड असे. फक्त तिची टाच बारीक करून पुंगळीत खोचलेली. नंतर अख्खी गोळी पुंगळीच्या आत गेली, अर्थातच बारीक झाली. नाव मात्र जुन्याच मापाचं राहिलं. .४४ ची कथा हीच. रशियाच्या सैन्यासाठी स्मिथ अँड वेसननं १८७० च्या दशकात जे काडतूस केलं, त्यात गोळी आत गेली आणि ०.४२९ इंचाची झाली. १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमची गोळी आजही त्याच मापाची आहे. ब्रिटिश सैन्याचं .३८ एनफिल्ड तर आणखी वेगळं, त्याची गोळी ०.३६१ च्या आसपास. तेव्हा काडतुसाच्या नावावरून गोळीचा व्यास ठरवू नये.

एवढ्या बारीक फरकांची उठाठेव कोण करतं? मुख्यतः अमेरिकेतले हौशी नेमबाज. तिथे शिसं वितळवून, साच्यात ओतून गोळ्या पाडायच्या आणि घरीच काडतुसं भरायची, हा शंभर वर्षांहून जुना छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. परवानाधारकाला काडतुसं तयार मिळतात, त्यांतल्या कित्येकांच्या बुडावर खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ ही खूण असते. त्यामुळे मापांचा हा सारा वाद तिकडचा. पण कारखान्यात रीमर आणि मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला तो लगेच कळेल, कारण मुळात हा फिटिंगचा प्रश्न आहे.

गोळीची वाट आधी पाहू. रायफलमध्ये काडतुसाचं घर आणि नळी हा पोलादाचा एकच तुकडा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये ते दोन वेगळे भाग. फिरत्या सिलिंडरमध्ये पाच-सहा घरं असतात आणि प्रत्येक घराचं पुढचं टोक किंचित अरुंद केलेलं असतं. त्याला थ्रोट म्हणतात, आपण घसा म्हणू. गोळी पुंगळीतून सुटते, घशातून जाते, मग सिलिंडर आणि नळी यांच्यामधली साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट ओलांडते आणि निमुळत्या तोंडातून नळीतल्या पेचदार खाचांमध्ये शिरते.

आता मुख्य गैरसमज. ‘नळीतल्या खाचांचं माप घ्या आणि त्याहून एक थाऊ जाड गोळी वापरा.’ एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. रायफलसाठी हा सल्ला चांगला आहे. रिव्हॉल्व्हरसाठी तो अर्धाच, कारण नळीच्या आधी घसा लागतो. समजा नळीच्या खाचांचा व्यास ०.३५७ आहे, गोळी नियमाप्रमाणे ०.३५८ ची आहे, पण घसे ०.३५६ चे आहेत. गोळी घशातून निघतानाच दाबून ०.३५६ ची होणार आणि नळीत शिरेल तेव्हा एक थाऊ बारीक असणार. कागदावर माप बरोबर, नळीत ढिलं. उलट घसे ०.३६० चे असतील, तर हीच गोळी घशातच सैल पडते, किंचित तिरकी होऊन नळीच्या तोंडावर आदळते आणि नेम पसरतो.

म्हणून उतरण हवी. घसा नळीच्या खाचांएवढा किंवा त्याहून अर्धा-एक थाऊ मोठा, आणि गोळी घशाच्या मापाची. चाचणी सोपी आहे. रिकाम्या सिलिंडरच्या पुढच्या बाजूनं सुटी गोळी घशात ठेवायची. ती आपोआप घरंगळली तर लहान, हातोडी मागितली तर मोठी, अंगठ्यानं दाबून सरकली तर ठीक.

.४५ कोल्ट या काडतुसात हा गोंधळ सगळ्यांत जास्त. जुन्या नळ्या ०.४५४ च्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ०.४५१-०.४५२ च्या. सिलिंडरची मापं मात्र त्याबरोबर नेहमी बदलली नाहीत. काही रिव्हॉल्व्हरचे घसे ०.४५६ पर्यंत भरतात, तर काहींचे ०.४५० पेक्षाही कमी. ‘.४५ कोल्टला ०.४५२ चीच गोळी लागते’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यानं बहुधा एकच रिव्हॉल्व्हर मोजलेलं असतं.

नळीत शिसं चिकटतं ते कशानं? बहुतेक जण म्हणतील, शिसं मऊ आहे, घर्षणानं वितळतं, म्हणून मिश्रधातू कडक करा. या समजुतीनं जितक्या नळ्या घासायला लावल्या तितक्या दुसऱ्या कशानंच नसतील. खरं कारण बहुतेक वेळा गळती असतं. हातपंपाचा वायसर झिजला की पाणी कडेनं निसटतं, तसा बारीक गोळीच्या कडेनं तापलेला वायू दाबानिशी पुढे निसटतो. जाताना गोळीची कड कापत जातो आणि ते शिसं पुढे नळीत थापतो. अशा वेळी गोळी आणखी कडक केली तर गळती बुजण्याची उरलीसुरली शक्यताही जाते.

कडकपणाला मोजमाप आहे. ब्रिनेल मापावर शुद्ध शिसं सुमारे ५, गाडीच्या चाकांना लावायच्या जुन्या शिशाच्या वजनांचा धातू १२ च्या आसपास, आणि लायनोटाइपचा धातू, म्हणजे शिशात १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील, २२ च्या आसपास. छापखाने बंद पडत गेले तसा हा धातू भंगारात आला आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी तो सोन्यासारखा साठवला. आता एक ढोबळ हिशोब. ब्रिनेल अंकाला १४२२ नं गुणलं की गोळीचं बूड साधारण किती दाबाला दबून पसरायला लागेल ते पौंड प्रति चौरस इंचात मिळतं. .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पौंडांचा, म्हणजे त्याला साजेसा कडकपणा १२. लायनोटाइपच्या गोळीला पसरायला ३१,००० लागतील; तेवढा दाब या काडतुसात कधीच नसतो. .४५ कोल्टचा दाब तर १४,०००. त्यामुळे विकतच्या ‘हार्ड कास्ट’ गोळ्या मंद काडतुसात वापरून नळी शिशानं माखते, तेव्हा दोष बहुधा कडकपणाच्या अतिरेकाचा असतो. माप बरोबर असेल तर कडकपणाचा प्रश्न दुय्यम होतो.

शिसं कुठे साचलंय यावरूनही निदान करता येतं. नळीच्या मागच्या तोंडालगत असेल तर गोळी बारीक. पुढच्या टोकाकडे असेल तर वंगण अपुरं, वाटेतच संपलेलं. नळी सांगाड्यात जिथे आट्यांनी घट्ट बसवलेली असते, नेमकी तिथे ती कधी कधी आवळली जाते. शिसं तिथून पुढे सुरू होत असेल तर संशय त्या आवळण्यावर घ्यावा.

‘शिसं आपसूक फुगून जागा भरतं’ हे खोटं नाही, पण फुगण्यासाठी गोळी तशी घडवावी लागते. १८५३ च्या एनफिल्ड रायफलची गोळी, म्हणजे ज्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला त्यांतली, मुद्दाम नळीपेक्षा बारीक केलेली होती. तोंडाकडून ठासता यावी म्हणून. तिचं शिसं मऊ आणि बूड पोकळ, त्यामुळे स्फोट होताच ती पसरे. .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरचंही तसंच. त्यातल्या अनेक सिलिंडरांचे घसे नळीपेक्षा लहान, तरी मऊ, पोकळ बुडाची गोळी आधी आवळून मग फुगत असे. त्याच वेब्लीत कडक शिशाची सपाट बुडाची गोळी घातली की हा हिशोब कोसळतो.

मोजताना एकच घर मोजून थांबणं हीदेखील चूक. सहाही घसे सारखे असतील असं नाही, एखाद्या थाऊचा फरक सहज आढळतो. व्हर्निअर कॅलिपर इथे अपुरा पडतो. पिन गेज हवेत, नाहीतर मऊ शिशाचा तुकडा घशातून ढकलून त्यावर मायक्रोमीटर. नळीत आणखी एक खोडा आहे. स्मिथ अँड वेसनच्या नळीत पाच खाचा असतात. विषम संख्या असल्यानं खाचेसमोर खाच येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरचे दोन जबडे खरा व्यास दाखवतच नाहीत. त्यासाठी ‘व्ही’ आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर लागतो.

तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांना यातलं फारसं लागू नाही. त्या वायूनं कापल्या जात नाहीत, एखाद्या थाऊची ढिलाई पोटात घालतात.

दुरुस्ती एकाच दिशेनं होते. घसा लहान असेल तर रीमर फिरवून मोठा करता येतो. जाणकार मिस्त्रीचं काम, आणि सहाही घरं एकाच रीमरनं. मोठा असेल तर काढलेलं पोलाद परत येत नाही. मग एकतर सिलिंडर बदला, नाहीतर गोळी जाड करा. साच्यावर .४५ कोरलेलं आहे म्हणून गोळी त्या मापाची पडत नाही. थंड होताना धातू आक्रसतो, आणि अँटिमनी-कथिलाचं प्रमाण बदललं की आक्रसणंही बदलतं. त्याच साच्यातून शुद्ध शिशाची गोळी एक माप देते, लायनोटाइपची दुसरं, किंचित मोठं. साच्याला दोष देण्याआधी भट्टीत काय आहे ते बघावं लागतं.