साथीत कर्ता माणूस गेल्यावर : कोणता कागद, कोणत्या दारी

एरवी घरात मयत झालं, की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. कुणी डबा आणतं, कुणी कचेरीच्या चकरा मारतं. कोरोनाने तेही हिरावलं. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या कितीतरी घरांत बाई लेकरांना घेऊन एकटी होती. मदत होती, पण ती वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली. ती मिळवायची कशी आणि अर्ज कुठे अडकायचे, ते क्रमाने पाहू. यातल्या काही योजना आजही चालू आहेत.

आधी पोटाचं. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना झाली आणि 2021 च्या निर्बंधांत काही काळ मोफत मिळाली. रेशनवर एप्रिल 2020 पासून माणशी पाच किलो धान्य मोफत होतं. इथे ‘माणशी’ हा शब्द महत्त्वाचा. सुनेचं नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेत आणि धाकट्याचं कुठेच नाही, अशी घरं खूप असतात. आपलं कार्ड आजच काढून नावं मोजून पाहा.

मग मृत्यूचा दाखला. इथे होणारी चूक सगळ्यात महाग पडते. मृत्यूची नोंद माणूस जिथला राहणारा तिथे होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. पेठचा किंवा सुरगाण्याचा माणूस नाशिक शहरातल्या दवाखान्यात गेला, तर दाखला नाशिक महापालिकेकडून घ्यायचा. गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून तो मिळणार नाही. 21 दिवसांच्या आत नोंद झाली तर दंड नाही. पुढे विलंब वाढेल तशी परवानगी आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

दाखला हातात आला की लगेच घडी घालू नका. शेजारी आधार कार्ड ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर लावून पाहा. भरती करताना धावपळीत कुणीतरी ‘बाळू’ सांगितलेलं असतं आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असतं. घरच्यांना दोन्ही नावं एकाच माणसाची. संगणकाला ती दोन माणसं. दुरुस्ती तेव्हाच मागितली तर सोपी जाते. दवाखान्याने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र हा वेगळा कागद आहे, तोही मागून घ्या. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं.

या दोन कागदांवर पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान, म्हणजे वारसाला आधार म्हणून मिळणारी एकरकमी मदत, अवलंबून होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या निकालामुळे ते देणं भाग पडलं आणि 26 नोव्हेंबर 2021 ला महाराष्ट्राने शासन निर्णय काढला. चाचणी झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू झाला असेल, तर तो घरी झाला तरी चालत होता. हे ठाऊक नसल्याने अनेकांनी अर्जच केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अर्ज संकेतस्थळावर करायचा आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात यायचे. नकार आला की लोक हताश होऊन थांबायचे. खरं तर नकारानंतर तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येत होती; तिथे चाचणीचा अहवाल, दवाखान्याची कागदपत्रं दाखवायची. दुसरी अडचण घरातली. बायको आणि आई-वडील असे दोन्हीकडून अर्ज आले, की प्रकरण लोंबकळायचं. इतर वारसांचं ना-हरकत पत्र आधीच, शांतपणे बसून लिहून घेतलेलं बरं.

आता दरमहाचा आधार. विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात. तेव्हा महिन्याला 1,000 रुपये मिळत, 2023 पासून 1,500 झाले. अट कडक आहे : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत. उत्पन्नाच्या दाखल्यात नवऱ्याच्या हयातीतली कमाई धरली गेली तर अर्ज तिथेच बाद होतो. म्हणून दाखला मृत्यूनंतरच्या परिस्थितीचा, नवा काढा.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. मूल अनाथच असावं लागतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. आई किंवा वडील यांपैकी एक गेलं असेल तरी अर्ज करता येतो. पूर्वी महिना 1,100 रुपये होते, 2023 मध्ये 2,250 झाले. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि पोच, म्हणजे शिक्का मारलेली आपली प्रत, घेतल्याशिवाय तिथून उठू नका. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने 2021 मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, तो वेगळा लाभ.

शेवटी धंदा. ज्यांची कर्जं होती, त्यांना मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात हप्ते थांबवता आले. सातपूर-अंबडच्या लहान कारखानदारांपासून रिक्षावाल्यांपर्यंत पुष्कळांना ती माफी वाटली. व्याज चालूच होतं. पुन्हा कधी अशी सवलत आली, तर बँकेत एकच प्रश्न विचारा : शेवटी एकूण किती भरावे लागतील?

गाड्यावर भाजी-फळं विकणाऱ्यांसाठी 1 जून 2020 ला पंतप्रधान स्वनिधी योजना आली. तारण न ठेवता दहा हजारांचं कर्ज, वेळेवर फेडलं की पुढे वीस आणि मग पन्नास हजार. 2025 मध्ये पहिले दोन टप्पे पंधरा आणि पंचवीस हजारांचे झाले. आधारला जोडलेला मोबाइल बंद पडलेला असेल तर अर्ज पुढे सरकतच नाही, कारण खातरजमेचा आकडा त्याच नंबरवर येतो. तो नंबर बऱ्याचदा गेलेल्या नवऱ्याच्या फोनचा असतो, म्हणून सिम बंद होऊ देऊ नका आणि आधी आधार केंद्रात जाऊन बाईचा स्वतःचा नंबर जोडा.

आणि गाडा नवऱ्याच्या नावावर असेल तर? पथविक्रेता कायदा 2014 मध्ये याची तरतूद आहे. विक्रेता मरण पावला, तर त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याच जागी आधी जोडीदाराला आणि नंतर अवलंबून असलेल्या मुलाला विक्री करता येते. पंचवटीत गाडा असेल तर महापालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात, नाशिकरोडला असेल तर तिथल्या, मृत्यूचा दाखला आणि नवऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन जा. जागा दुसऱ्या कुणी अडवण्याआधी जा.